पाच अतिचार आणि आमचा टायगर



आमच्या टायगरचा पुढचा डावा पाय काढून आता सात महिने झाले. बस्तीत, लग्नात, भाजी आणायला गेलं तर तिथं, जी भेटेल ती त्याची चौकशी करते. या चौकशीत दोन प्रश्न असतात. पहिला मोकळेपणानं येतो, "आता कसा आहे गं टायगर?" दुसरा जरा घुटमळत येतो, "पण मुक्या जीवाचा पाय कापायचा, वर किमोची इंजेक्शनं द्यायची, हे आपल्यात बसतं का?" मागच्या आठवड्यात जयसिंगपूरहून एका ताईंचा फोन आला. त्यांच्या कुत्र्यालाही हाडाचा कॅन्सर निघालाय आणि चार दिवसांत डॉक्टरांना निर्णय कळवायचाय. त्यांना फोनवर जे सांगितलं, तेच आज सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते.

टायगर आठ वर्षांचा आहे. आई लॅब्रॅडोर, बाप गावठी. आजार निघाला तेव्हा वजन ३४ किलो. आमचं घर सांगलीजवळ मळ्यात आहे, त्यामुळं त्याचं आयुष्य अंगणात आणि द्राक्षबागेच्या बांधावर गेलं. सासूबाईंना आम्ही आक्का म्हणतो. आक्का जिथं, तिथं टायगर. त्या सकाळी अभिषेकाला निघाल्या की हा फाटकापर्यंत सोडायला जातो आणि परत येईपर्यंत तिथंच बसून राहतो.

आमच्या रविवारच्या स्वाध्यायात सध्या आचार्य समंतभद्रांचं रत्नकरंड श्रावकाचार चालू आहे. त्यात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आले: छेदन, बंधन, पीडन, अतिभारारोपण आणि आहारवारणा. म्हणजे अवयव कापणं, बांधून ठेवणं, पीडा देणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि खाणंपिणं तोडणं. लहानपणापासून पाठ केलेली नावं, पण ती गोठ्यासमोर उभं राहून सांगितल्यासारखी आहेत, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. नाकात वेसण, कानाला खाच, आखूड दावं, चाबूक, गाडीत भरलेला जादा ऊस, भाकड जनावराची कमी केलेली वैरण. ज्यांच्या माहेरी बैल होते त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि टायगरच्या आजारात या पाचही गोष्टी आम्हाला आमच्या हातानं कराव्या लागल्या. म्हणून एकेक घेऊन लिहिते. धर्माचंही त्यात येईल आणि घरात काय काय करावं लागतं तेही.

छेदन

सुरुवात लंगडण्यानं झाली. पुढच्या डाव्या पायाच्या मनगटाच्या थोडं वर सूज होती. बांधावरून उडी मारताना मुरगळला असेल असं सगळ्यांनाच वाटलं. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चार दिवस उतार पडला आणि पुन्हा लंगडणं सुरू. एक्स-रे काढला तेव्हा त्या जागचं हाड वाळवी लागल्यासारखं दिसत होतं. पुण्याला बायोप्सी झाली. ऑस्टिओसार्कोमा. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांमध्ये हाडाचा हा कॅन्सर जास्त आढळतो आणि मनगटाच्या वरची जागा तर त्याची नेहमीची.

पुण्याच्या डॉक्टरांनी काहीही लपवलं नाही. ते म्हणाले, गाठ एका हाडात दिसत असली तरी बहुतेक कुत्र्यांत तोवर तिच्या पेशी रक्तातून पुढं गेलेल्या असतात, एक्स-रेत दिसत नाहीत एवढंच. त्यामुळं पाय काढल्यानं रोग जाईल असं समजू नका. पाय काढायचा तो दुखणं थांबवण्यासाठी. आतून पोखरलेलं हाड रात्रंदिवस ठणकतं, साध्या गोळ्यांना दाद देत नाही आणि एक दिवस चालता चालता मोडतं. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने, बरोबर किमो दिली तर साधारण दहा-बारा महिने. काही कुत्री याहून जास्त जगतात, काही कमी.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याला विचारता येत नाही, आणि पाय त्याचा कापायचा." मैत्रिणींनो, सगळी अडचण या एका वाक्यात आहे. आपण ऑपरेशनला जातो तेव्हा सही आपली असते. इथं सही आमची आणि पाय त्याचा.

स्वाध्याय घेणाऱ्या आमच्या ताईंना मी हे विचारलं. त्यांनी आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीतला दाखला काढून दिला. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असाता वेदनीय कर्माचा आस्रव कशानं होतो ते सांगितलंय. तिथं शंका येते की, दुःख देण्यानं असाता बांधली जात असेल तर केशलोच आणि उपवास यांचं काय? तेही दुःखच. त्यावर आचार्य वैद्याचं उदाहरण देतात. करुणेनं भरलेला वैद्य मुनींच्या अंगावरचं गळू कापतो. मुनींना दुखतंच. पण तेवढ्या बाहेरच्या निमित्तानं वैद्याला पापबंध होत नाही.

मला हायसं वाटलं, हे खरं. पण ताई लगेच म्हणाल्या, "थांब. हा दाखला करुणेनं भरलेल्या वैद्याचा आहे. तुझा भाव कुठला आहे ते तू बघ. त्याचं दुखणं जावं म्हणून करतेस, की तो तुला सोडून जाऊ नये म्हणून?"

पहिल्याला करुणा म्हणतात, दुसऱ्याला राग, म्हणजे आसक्ती. आणि आपल्याकडं राग हीसुद्धा हिंसाच मानली आहे. खरं सांगायचं तर माझ्यात दोन्ही होतं. कुणाच्या मनात एकच भाव निखळ असतो? म्हणून आम्ही घरात एक ठरवलं. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: यानं आज त्याचं दुखणं कमी होतंय का? उत्तर 'हो' असेल तर पुढं जायचं. 'नाही, पण तो आपल्याजवळ जास्त दिवस राहील' असं असेल तर थांबायचं.

त्या दिवशी उत्तर 'हो' होतं. पाय खांद्याच्या हाडासकट काढला. थोटका ठेवला तर तो सारखा आपटतो, जखमा होतात, म्हणून पूर्ण काढतात.

बंधन

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी टायगर स्वतः उठून उभा राहिला. आपल्याला वाटतं आता हा कायमचा अधू झाला. कुत्र्याच्या मनात तसं काही येत नसावं. त्याला उठायचं होतं, तो उठला, पडला, पुन्हा उठला. रडले ते आम्ही.

घरी आणल्यावर मात्र बांधून ठेवणं आलं. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, पळणं नाही, उड्या नाहीत, जिना नाही. गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा, नाहीतर तो टाके चाटून उसवतो. मळ्यात मोकळा वाढलेला जीव मधल्या खोलीत कोंडला.

आक्कांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. त्यांनी आपला पाट आणि जपमाळ त्याच खोलीत नेली. सामायिक तिथं, दुपारचं वाचन तिथं, शेंगा सोलणं तिथं. टायगर बांधलेला होता, पण एकटा नव्हता. पहिले दोन दिवस तो भोंगा भिंतीवर आपटत होता, तिसऱ्या दिवसापासून आक्कांच्या पाटाला टेकून झोपायला लागला.

उठवायला आणि बाहेर न्यायला पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या. पट्ट्याला धरून ओढू नका, सगळा भार मानेवर येतो. जखमेच्या आजूबाजूला काळंनिळं पडतं, थोडं पाणी साठून फुगतं, त्याला घाबरू नका, पण फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. जखमेतून वास, पू किंवा ताजं रक्त आलं तर मात्र लगेच न्या. आणि रात्री अचानक कळवळून तो नसलेल्या पायाकडं वळून बघायला लागला तर तो भास समजू नका. माणसांसारखंच कुत्र्यांनाही कापलेल्या पायाच्या नसांचं दुखत असावं असं डॉक्टर मानतात. त्यासाठी गॅबापेंटिनसारखी वेगळी गोळी असते. आम्ही ती पाच आठवडे दिली.

एक कळकळीचं सांगणं. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीही देऊ नका. ती त्याच्या पोटाला, यकृताला, मूत्रपिंडाला घातक ठरतात. दुखण्याची गोळी जनावरांच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

पीडन

टाके निघाल्यावर किमो. औषधाचं नाव कार्बोप्लाटिन, शिरेतून, दर एकवीस दिवसांनी, एकूण पाच वेळा. सांगलीहून पुणे म्हणजे गाडीत चार-पाच तास. पहाटे निघायचं, मागच्या सीटवर गादी, हे गाडी चालवणार आणि मी मागं टायगरचं डोकं मांडीवर घेऊन बसणार.

किमो म्हटलं की आपल्याला कुणी ना कुणी नात्यातलं आठवतं. केस गेलेले, तोंड आलेलं. कुत्र्यांचं तसं सहसा होत नाही, कारण त्यांना औषध जरा हात राखून देतात. रोग मुळापासून काढण्याच्या हट्टापायी उरलेले दिवस वाईट जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार. टायगरच्या फक्त चार-पाच मिशा गळाल्या.

पण काहीच त्रास होत नाही असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मळमळ. तो वाटीजवळ यायचा, वास घ्यायचा आणि तोंड फिरवून लांब जाऊन बसायचा. उलटीची गोळी आधीच आणून ठेवा, त्रास व्हायला लागल्यावर दुकान शोधत बसू नका. नंतर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा ताप येणं धोक्याचं. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. हात लावून कळत नाही. वेगळा थर्मामीटर ठेवा आणि १०३ च्या वर गेला तर रात्र असली तरी फोन करा. तिसऱ्या डोसनंतर आमच्याकडं असं झालं. इथल्या डॉक्टरांनी रात्री येऊन सलाईन लावलं आणि पुढचा डोस आठवडाभर लांबवला. प्रत्येक डोसच्या आधी रक्त तपासतात, ते इथंच काढून रिपोर्ट पुण्याला पाठवत होतो.

औषध लघवी-शीतून बाहेर पडतं. पहिले तीन दिवस हातमोजे घालूनच साफ करा, पिशवीत बांधून टाका, त्याची फडकी वेगळी धुवा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या कामापासून लांब ठेवा. माझी भाची पाचव्या महिन्यात होती, तिला त्या दिवसांत आम्ही यायलाच दिलं नाही. ती रागावली, तिला कारण सांगितलं.

चौथ्या डोसला सुई बघून टायगर माझ्या मागं लपला. तीन पायांवर, माझ्या साडीच्या निऱ्यांत डोकं खुपसून. मी आमचा ठरलेला प्रश्न मनात विचारला. या सुईनं आज त्याचं दुखणं कमी होणार नव्हतं, उलट दोन दिवस मळमळ होणार होती. पण आधीच्या तीन डोसनंतरचे पंधरा-पंधरा दिवस मी पाहिले होते. तो बांधावर फिरत होता, कावळ्यांमागं लागत होता, रात्रभर शांत झोपत होता. दोन दिवसांची पीडा आणि पंधरा दिवसांचं स्वास्थ्य. आम्ही पुढं गेलो. हा हिशेब पंधराऐवजी पाच दिवसांवर आला असता तर तिथंच थांबायचं, हे आम्ही दोघांनी गाडीतच बोलून ठेवलं होतं.

अतिभारारोपण

कुत्र्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. तो सगळा आता एका पायावर. म्हणून मागचा पाय जाण्यापेक्षा पुढचा जाणं अंगाला जड पडतं. त्याची मान प्रत्येक पावलाला खाली जाते आणि वर येते. बघणाऱ्याला ते केविलवाणं वाटतं, पण ती त्याची तोल सांभाळायची रीत आहे.

ओझं कमी करणं आपल्या हातात आहे. सगळ्यात आधी वजन. टायगर आता ३० किलोवर आलाय आणि डॉक्टर त्यावर खूश आहेत. 'आजारी आहे बिचारा' म्हणून तूप-बिस्किटं चारू नका. तो लाड त्याच्या उरलेल्या पायाला सोसावा लागतो. दुसरं म्हणजे फरशी. आपल्या घरातल्या गुळगुळीत टाइल्स तीन पायांच्या कुत्र्याला बर्फासारख्या. आम्ही दारापासून त्याच्या जागेपर्यंत रबरी पट्ट्या आणि काथ्याची पायपुसणी सलग टाकली. पाहुण्यांना घर कसंतरीच दिसतं. दिसू दे. नखं आणि पंज्यामधले केस वेळच्या वेळी कापा, म्हणजे पकड राहते. वाटी स्टुलावर ठेवा, मान फार खाली घालावी लागली की तोल जातो. गाडीतून त्याला उडी मारू देऊ नका.

लघवीला पाय वर करणं त्याचं त्यानंच बंद केलं. पहिल्यांदा सवयीनं मागचा पाय उचलला, उरले दोन, धाडकन पडला. दुसऱ्या दिवसापासून भिंतीला खांदा टेकवून उभा राहायला लागला. हे त्याला कुणी शिकवलं नाही.

आणखी एक ओझं आपण नकळत घालतो, आपल्या आशेचं. "टायगर लढवय्या आहे, तो जिंकणारच," असं येणारे-जाणारे म्हणायचे. प्रेमानंच म्हणायचे. पण त्याला कुठलीही लढाई माहीत नाही. त्याला आक्कांची पावलं माहीत आहेत आणि भाकरीची वेळ. तो आमच्यासाठी जगून दाखवायला बांधील नाही, हे मी स्वतःला रोज सांगते.

आहारवारणा

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवावं लागलं, तेवढंच. पुढचा सगळा प्रश्न तो खाईल काय आणि कधी, हा होता.

डॉक्टरांनी उकडलेली अंडी सुचवली. आमच्या घरात ते होत नाही असं सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही. मांजराचं मांसाशिवाय भागत नाही, कुत्र्याचं भागू शकतं, पण नुसत्या दूध-भाकरीवर आणि वरण-भातावर नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी ठरवून दिलेलं शाकाहारी तयार खाद्य, त्यात घरचं पनीर, शिजवून घोटलेली मुगाची डाळ, थोडं सोयाबीन, दही आणि वरून जीवनसत्त्वांची पूड. दर महिन्याला रक्त बघून प्रमाण बदलायचे. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच करा, आपल्या मनानं नको.

आपल्या स्वयंपाकघराचा एक फायदा आहे. कांदा-लसूण कुत्र्यांना अपायकारक, आणि तो आपल्याकडं नसतोच. पण सांगली-तासगावकडच्या मैत्रिणींनो, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. कार्बोप्लाटिनही मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. आमच्या पडवीत हंगामात बेदाण्याच्या पेट्या असतात. या वर्षी त्या शेडमध्येच ठेवल्या.

आता वेळेचं. आक्कांनी चाळीस वर्षांत सूर्यास्तानंतर पाणी घेतलेलं नाही. टायगरची भाकरीही त्या नेहमी दिवसाउजेडी घालायच्या. किमोनंतर त्याची मळमळ ओसरायची ती रात्री नऊच्या पुढं, आणि तेव्हा तो वाटीकडं बघायचा. पहिल्या वेळी मी काय करावं या विचारात उभी होते. आक्काच उठल्या, पनीर कोमट केलं, त्याच्यासमोर बसल्या आणि हातानं एकेक तुकडा भरवला. म्हणाल्या, "व्रत माझं हाय. त्यानं कुठं घेतलंय? त्याच्या तोंडचा घास अडवला तर तो अतिचार मला लागंल." चुलीपाशी त्या रात्री गेल्या ते त्याच्यासाठी. स्वतः पाण्याचा थेंब घेतला नाही.

चर्चा झाली नाही असं नाही. कुणी म्हणालं, त्याचं कर्म त्याला भोगू द्यावं. मग आपल्याला ताप आला की आपण डॉक्टरकडं का जातो? औषधदान आपल्या चार दानांत आहे आणि करुणादानाला माणूस-जनावर असा भेद नाही. दिल्लीला लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं रुग्णालय आहे, ते याच भावनेतून. कुणी म्हणालं, एवढ्या पैशात पांजरपोळात किती गायी जगल्या असत्या. हा प्रश्न मला योग्य वाटतो. खर्च लाखाच्या वर गेला. पांजरपोळाला दरवर्षी देतो ते आम्ही कमी केलं नाही. यांची नवी मोटारसायकल राहिली आणि माझ्या पाटल्या मोडायच्या नव्हत्या, पण नव्या झाल्या नाहीत. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. नुसतं दुखणं नीट थांबवणं, हेही पूर्ण औषधदान आहे.

आता सध्याचं. किमो संपल्यावरचा छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. गेल्या महिन्यातल्या एक्स-रेत फुप्फुसात तीन ठिपके दिसले. आजार पुढं गेलाय. डॉक्टरांनी दुसऱ्या औषधाबद्दल सांगितलं, त्यानं फारसा फरक पडेल असं त्यांनाही वाटत नव्हतं. आम्ही ठरलेला प्रश्न विचारला, उत्तर 'नाही' आलं आणि थांबलो. आता फक्त दुखण्याच्या गोळ्या. तो अजून फाटकापर्यंत जातो, मधे एकदा बसून.

यापुढचा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. श्वास कोंडायला लागला तर इंजेक्शन देऊन झोपवायचं का? यांचं म्हणणं, पाय कापताना आपण त्याच्या वतीनं ठरवलं, मग तेव्हा का नाही? माझ्या मनाला ते पटत नाही. सल्लेखना जाणतेपणानं स्वतः घ्यायची असते, ती कुणाला देता येत नाही. आणि आपल्याला बघवत नाही म्हणून दुसऱ्याचा जीव संपवायचा, यात करुणा किती आणि आपली सुटका किती, हे मला वेगळं करता येत नाही. पण यांचाही भाव खोटा नाही. तो गुदमरत असताना मी व्रताच्या गोष्टी सांगत बसणार का, असं ते विचारतात तेव्हा माझ्याकडं उत्तर नसतं. आक्का म्हणतात, "दुखणं काढा, जीव काढू नका." डॉक्टरांशी बोलून आम्ही इथपर्यंत आलोय की वेदना थांबवायला लागेल तेवढं औषध द्यायचं, मग त्यानं तो दिवसभर झोपून राहिला तरी चालेल. त्यापुढचं हे अजून मान्य करत नाहीत.

जीवंधर कुमारांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात त्यांनी णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव यक्ष होऊन जन्मला. आक्का रोज संध्याकाळी टायगरच्या कानाशी णमोकार म्हणतात ते याच श्रद्धेनं. मला त्या गोष्टीत आता आणखी एक दिसतं. जीवंधर शेवटच्या क्षणी पोहोचले, त्यांच्या हातात मंत्राएवढाच वेळ होता. आपल्या हातात महिने असतील तर मंत्राच्या आधी गोळी, थर्मामीटर, काथ्याचं पायपुसणं आणि रात्रीचं पनीर येतं.

जयसिंगपूरच्या ताई, निर्णयाआधी डॉक्टरांना एवढं विचारा: छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे का, बाकीचे तीन पाय भार घेण्याइतके धड आहेत का, मूत्रपिंडाचा रिपोर्ट कसा आहे. आणि घरच्यांना विचारा की पहिले दोन आठवडे त्याला उचलायला दिवसभर घरी कोण असेल. बाकी मैत्रिणींनी एवढंच लक्षात ठेवा, मोठ्या कुत्र्याचं लंगडणं दोन आठवड्यांत गेलं नाही किंवा सूज दिसली तर एक्स-रे काढून घ्या.

ज्यांच्या घरी असा शेवट आलाय आणि ज्यांनी तेव्हा काही ठरवलं, इकडचं किंवा तिकडचं, त्यांनी मला जरूर लिहा. यांनाही वाचून दाखवीन.

जय जिनेंद्र.